किल्लेदाराचा माळा

माझ्या दादाच्या माळ्यावर 'फुटके कप' असं लिहिलेलं खोकं असेल, तर त्यात फुटके कप नाहीत, एवढंच खात्रीने सांगता येतं. मग काय आहे ते विचारायची सोय नाही. विचारलंत की तो चष्म्याच्या वरून तुमच्याकडे बघणार आणि म्हणणार, "का? तुला कशाला हवंय?" मी त्याची सख्खी बहीण, सहा वर्षांनी धाकटी. मलाही त्याने कधी वेगळी वागणूक दिली नाही. संशयाच्या बाबतीत आमचा दादा अगदी समदर्शी.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चौतीस वर्षं स्टोअरकीपर होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे त्याला किल्लेदार म्हणत. तो नोकरीला लागला तेव्हा गोदामातून नवी बेअरिंगं आणि पितळी नळ गायब होत. कुलपं बदलली, पहारेकरी बदलला, चोरी चालूच. तेव्हा दादाने एक युक्ती केली. नव्या बेअरिंगांच्या खोक्यावर 'गंजके बोल्ट' असं लिहिलं आणि गंजक्या बोल्टांच्या खोक्यावर 'बेअरिंग, नवी'. पंधरा दिवसांत कोणीतरी मोठ्या हुशारीने गंजके बोल्ट जेवणाच्या डब्यातून घरी नेले, आणि मग चोरी बंद झाली. मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तो चहा दादाच्या डोक्यात गेला तो कायमचाच.

हळूहळू सगळं गोदाम उलटं झालं. कुठल्या नावाखाली काय आहे हे फक्त दादाच्या डोक्यात. कागदावर उतरवायचं नाही, कारण कागद चोरीला जातो. निवृत्त झाला तेव्हा नव्या माणसाला चार्ज द्यायला त्याला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तो नवा माणूस आजारपणाची रजा टाकून घरी गेला, असं ऐकलं.

मग ही सगळी विद्या घरी आली. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या दारापासून न्हाणीघरापर्यंत जो बोळ जातो, त्याच्यावर माळा, सरकत्या दारांचा, कुलूप घातलेला, चांगला हातभर खोल नव्हे, माणूस आडवा झोपेल एवढा. शिवाय पलंगाखालच्या पेट्या, बाल्कनीतलं लोखंडी कपाट, आणि शिडी ठेवायच्या कोपऱ्यात शिडीच्या मागे जे काही मावेल ते. दादाने आयुष्यात काही टाकलं नाही. छत्री मोडली तर काड्या ठेवल्या. बूट फाटले तर नाड्या ठेवल्या. जुन्या चड्ड्यांचं इलॅस्टिक ठेवलं, आणि त्यावर 'रेशमी रिबीन' असं लिहिलं. कोणा बिचाऱ्या चोराला ते खोकं मिळालं असतं तर त्याने चोरीच सोडली असती. शेजारीपाजारी टाकायला काढलेल्या वस्तूही तो जिन्यातून उचलून आणायचा. "लागेल कधीतरी," म्हणायचा. लागायची वेळ आलीच, तर दुकानातून नवी आणायचा, कारण जुनी काढली की ती कुठे असते हे लोकांना कळतं.

आमच्या वहिनीने त्याला फक्त स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडवलं. "माझ्या डब्यांवर चिठ्ठी चिकटवलीत तर त्या दिवशी जेवण माळ्यावर शोधायचं," असं तिने सांगितलं होतं. बाकी घर तिने त्याला देऊन टाकलं. ती असताना दादा शिडीवरून ओरडायचा, "अगं, पक्कड कुठल्यात टाकली होती?" आणि ती कणिक मळता मळता सांगायची, "'बाटल्यांची बुचं', डावीकडून तिसरं." आम्ही सगळे हसायचो. किती वेळा तो विचारतो आणि किती वेळा ती सांगते, हे मात्र आमच्यापैकी कोणी मोजलं नाही. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली.

आता सूनबाईचं सांगते, कारण प्रकरण तिच्यावर आलं. ती परिचारिका आहे, मोठ्या इस्पितळात. कामाला वाघ, तोंडाला चोख. चार वर्षांपूर्वी तिची मुलगी रांगायला लागली आणि हाती येईल तो कागद फाडायला लागली, तेव्हा सूनबाईने आपली सगळी मूळ प्रमाणपत्रं एका निळ्या फाइलमध्ये घालून सासऱ्यांच्या हातात दिली. "बाबा, तुमच्याइतकं सांभाळून कोणी ठेवणार नाही," म्हणाली. दादाला इतका मान कारखान्यातल्या चहानंतर कोणी दिला नव्हता. आठ दिवस तो मला फोनवर तेच ऐकवत होता.

यंदा एका नव्या इस्पितळात तिला मुख्य परिचारिकेची जागा मिळत होती. बारा वर्षं रात्रपाळ्या काढून मिळालेली जागा. अट एकच, सोमवारी सकाळी अकराला मूळ कागद दाखवायचे. त्याआधीच्या बुधवारी तिने सासऱ्यांकडे फाइल मागितली.

"ती तर मी तुला केव्हाच परत दिली," दादा म्हणाला.

गुरुवारी मला एकाच तासात तीन फोन आले. पहिला सूनबाईचा. "आत्या, त्यांनी मुद्दाम लपवलीय. नव्या इस्पितळाचे क्वार्टर्स आहेत ना, आम्ही तिकडे राहायला जाऊ अशी भीती वाटते त्यांना. सोमवारपर्यंत फाइल मिळाली नाही, तर मी मुलीला घेऊन आईकडे जाते. मग बसू देत त्यांना खोकी मोजत." दुसरा दादाचा, हळू आवाजात, न्हाणीघरातून केलेला, कारण मागे नळ सोडला होता. "ऐक. फाइल तिच्याकडेच आहे. हा सगळा माळा रिकामा करायचा डाव आहे. तिला तिथे पोरीची पुस्तकं ठेवायचीत. मी माळ्याच्या दाराला दोरा बांधला होता, तो काल तुटलेला होता." तिसरा दादाच्या चिरंजिवांचा. ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि घरात भांडण झालं की शहरातली कुठली ना कुठली लिफ्ट हमखास बंद पडते. "आत्या, तू ये," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

खरं सांगते, माझा पहिला संशय सूनबाईवर गेला. माळ्याबद्दल ती अधूनमधून कुरकुर करायची, ते मी ऐकलं होतं. माणूस इतकं तावातावाने बोलतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, असं मला वाटलं. मग बसमध्ये बसल्यावर वाटलं, दादाच. एकटा पडायच्या भीतीने माणूस काय वाटेल ते करेल. उतरेपर्यंत माझ्या मनात दोघेही चोर ठरले होते, आणि मी मोठी न्यायाधीश होऊन जिना चढले.

शनिवार होता. घरात शिरले तर दादा बोळात, माळ्याच्या बरोबर खाली, खुर्ची टाकून बसलेला. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. एका घरात राहून दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलली नव्हती. मुलीला शेजारी खेळायला पाठवलं होतं.

"उघड तो माळा," मी म्हटलं.

"का? तुला काय हवंय?"

"फाइल हवीय. आणि उघडला नाहीस तर मी कुलूपवाल्याला बोलावते."

कुलूपवाला ही जगातली सर्वांत संशयास्पद जात, असं दादाचं मत. तो उठला. अटी घातल्या. एका वेळी एकच खोकं खाली येणार, ते तो स्वतः काढणार, उघडायचं त्याच्यासमोर, आणि ते परत गेल्याशिवाय दुसरं निघणार नाही. सूनबाई हात पुसत बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हाताची घडी घातली ती सोडली नाही. "बघू दे, काय काय निघतंय," म्हणाली.

दुपारी दोनपर्यंत आम्ही एकतीस खोकी पाहिली. 'तारा' मध्ये वहिनीच्या जुन्या चष्म्यांच्या काड्या. 'काचा' मध्ये चिरंजिवांचे पहिलीपासूनचे बूट, एकेक पायाचे. 'खराब बॅटरी' मध्ये एक संपूर्ण नवा चिनीमातीचा टी-सेट, लग्नात आलेला, ज्यातून आजवर कोणी चहा प्यायलं नव्हतं. सूनबाई तो टी-सेट बघत राहिली. "आणि आपण पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात देतो," एवढंच म्हणाली. निळी फाइल कशातच नव्हती. प्रत्येक खोक्यागणिक दादा सूनबाईकडे बघे, सूनबाई दादाकडे, आणि मी दोघांकडे. तिघांच्या मनात एकच वाक्य होतं, की समोरच्याला सगळं माहीत आहे आणि तो नाटक करतोय.

तेवढ्यात बोळातला दिवा गेला. माळ्याच्या तोंडाशी अंधार झाला. "थांबा, बल्ब बदलतो," म्हणत दादा टॉर्च घेऊन शिडीवर चढला. टॉर्चचा झोत एकेका चिठ्ठीवरून फिरत होता. तो ओठ हलवत वाचत होता. मग 'बल्ब, चांगले' असं लिहिलेलं खोकं त्याने हाताखाली धरलं आणि उतरला. स्टुलावर ठेवून उघडलं. आत कापडाच्या चिंध्या होत्या.

"बघितलंस?" तो माझ्यावर ओरडला. "बघितलंस ना? कोणीतरी अदलाबदल केलीय! स्वच्छ 'बल्ब' लिहिलंय, आणि आत हे!"

मला हसू आलं. "अरे दादा, तूच उलटं लिहितोस ना!"

तो हसला नाही, चिडलाही नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मी आयुष्यात त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. मग घाईघाईने म्हणाला, "हो, हो. माहितीय मला. तुमची परीक्षा घेत होतो." त्याने खोकं बंद केलं आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. भिंतीशी उभी असलेली सूनबाई सरळ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. इस्पितळात रोज असली माणसं बघते ती, मला सांगायची गरज पडली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं. आम्ही तीन दिवस चोर शोधत होतो, आणि घरातून जात होतं ते भलतंच काहीतरी.

तिने नवा बल्ब स्वयंपाकघरातून आणून लावला. आवाज एकदम बदलला होता तिचा. "बाबा, बसा जरा. पाणी घ्या." मग अगदी सहज विचारल्यासारखं, "बाबा, कारखान्यात सगळ्यांत मोलाची वस्तू असली, तर तिच्यावर काय लिहायचात?"

गोदामाचा विषय निघाला आणि दादा खुलला. ताठ बसला. "त्यालाच तर डोकं लागतं. जितकी वस्तू मोलाची, तितकं नाव हलकं. एकदा परदेशातून मोटारीचा सुटा भाग आला होता, त्याच्यावर मी 'रद्दी' लिहिलं. मॅनेजर स्वतः शोधत होता, त्याला सापडला नाही!" तो हसला. "मोलाच्या कागदांना तर 'रद्दी' शिवाय दुसरं नावच नाही. रद्दीला कोण हात लावतो?"

"मग माळ्यावर 'रद्दी' लिहिलेलं खोकं आहे का?" सूनबाईने विचारलं.

"छे," दादा म्हणाला. "रद्दी कोण घरात साठवतो? मागच्या महिन्यात रद्दीवाल्याला दिली की. तीन खोकी. ही होती ना तेव्हा." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

मी होते. दादाने आपणहून काहीतरी टाकलं म्हणून मला इतका आनंद झाला होता, की तिसरं खोकं मीच उचलून खाली नेलं होतं. वर जाड पेनने 'रद्दी' लिहिलेलं होतं आणि दोरीने घट्ट बांधलेलं होतं. "शाब्बास रे किल्लेदारा," असंही मी म्हणाले होते.

मग मी पाहिलं, की दादाला आपलंच बोलणं ऐकू यायला लागलं. त्याचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. एकेक किल्ली तो बोटाने चाचपत होता. "रद्दी," तो पुटपुटला. "रद्दी म्हणजे... रद्दीत मी..." त्याच्या डोळ्यांत भीती होती. चोराची भीती मला माहीत होती, ती त्याला आयुष्यभर होती आणि तिच्यावर तो पोसला होता. ही वेगळी होती. घराच्या आतूनच कोणीतरी दार उघडलंय हे कळल्यावरची.

मला ते बघवलं नाही. मी तोंडाची फटकळ, कोणाचं काही पोटात ठेवणारी नव्हे, पण त्या क्षणी मी जे बोलले ते विचार करून बोलले नाही.

"दादा, ती रद्दी मी दिली," मी म्हटलं. "तू आत झोपला होतास, जुडगा उशाशी होता. मला वाटलं, घरातला पसारा तेवढाच कमी होईल. तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस, म्हणून विचारलं नाही."

त्याचा हात जुडग्यावर थांबला. "तू?"

"मी."

"माझ्या माळ्यावरून?"

"हो."

त्याचे खांदे हळूहळू खाली आले. श्वास परत आला. चेहऱ्यावर राग चढला, आणि देवाशपथ, तो राग बघून मला हायसं वाटलं. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "मला पहिल्यापासून वाटलंच होतं. दोरा उगाच तुटत नाही." मी सूनबाईकडे पाहिलं. बारा वर्षांची मेहनत तिची गेली होती, आणि ती कोणी घालवली हे तिला पक्कं माहीत होतं. तिला एक वाक्य बोलायचा पूर्ण हक्क होता. तिने ओठ घट्ट मिटले. मग म्हणाली, "आत्या, निदान विचारायचं तरी होतंत." आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

रद्दीवाल्याकडे मी त्याच संध्याकाळी जाऊन आले. त्याने नुसते हात झटकले. माल पंधरा दिवसांपूर्वीच कागदाच्या गिरणीत गेला होता. सोमवारी सूनबाई झेरॉक्स घेऊन गेली. त्यांनी नीट ऐकून घेतलं, सहानुभूती दाखवली, आणि जागा यादीतल्या दुसऱ्या बाईला दिली. नवीन प्रती मिळायला चार महिने लागले. ती आईकडे गेली नाही. सासऱ्यांना रक्तदाब तपासायच्या निमित्ताने ती आपल्या इस्पितळातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिने मला जिन्यात उभं राहून सांगितलं. चिरंजीवही त्या दिवशी होते, लिफ्ट कुठलीच बंद पडली नव्हती.

सूनबाई निर्दोष सुटली म्हणून दादाने सगळ्या किल्ल्या तिच्या हवाली केल्या. त्या टी-सेटमधून आता रोज चहा होतो. माझ्यावर मात्र कायमचा शिक्का बसला. मी दर रविवारी जाते. निघताना तो दारापर्यंत येतो आणि हात पुढे करतो. मी पिशवी उघडून धरते. तो चष्म्याचं घर बाहेर काढून बघतो, रुमाल झटकतो, बसचं तिकीट उलटसुलट करतो, आणि मग म्हणतो, "जा. लक्ष आहे माझं." पहिल्या दिवशी मला जिन्यात रडू फुटलं होतं. एकदा शेजारीण म्हणाली, "अहो, सख्ख्या बहिणीची झडती?" तेव्हा मीच तिच्यावर खेकसले.

चार-पाच महिन्यांत त्याला शेजारीण ओळखू येईना. मग कारखान्यातला जुना सोबती भेटायला आला, त्याला त्याने डॉक्टर समजून जीभ दाखवली. एकदा नातीला विचारलं, "तू कोणाची गं?" पण मी दारात दिसले की त्याचे डोळे बारीक व्हायचे. "आली," असं तो सूनबाईला दबक्या आवाजात सांगायचा. "हिच्यावर नजर ठेव." आणि मी मनात म्हणायचे, ठेव बाबा, ठेव.

गेल्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. त्याच्याजवळ तासभर बसले, नखं कापून दिली. निघताना तो दारापर्यंत आला. मी पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. त्याने पिशवीकडे पाहिलं नाही. हात जोडले, ओळखपाळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसा छान हसला, आणि म्हणाला, "बरं झालं आलात. पुन्हा या."

"दादा, बघ ना एकदा," मी म्हटलं. "काहीतरी नेत असेन मी."

"छे, छे," तो म्हणाला. "तुम्ही कशाला न्याल?" आणि त्याने हळूच दार लावून घेतलं.